खडकी–दौंड बीम बिनतारी केंद्र (१९२७) आणि दूर पल्ल्याच्या रेडिओ दुव्याची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक विचार

बीजसंज्ञा : बिनतारी संदेशवहन, लघुलहरी, आयनांबर, समुद्रतार, खडकी, दौंड, आर्वी

प्रस्तावना

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास अभ्यासणाऱ्यास १८७० हे वर्ष विसरता येत नाही. त्या वर्षी मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव हा लोहमार्ग खुला झाला आणि त्याच वर्षी सुएझ–एडनमार्गे येणारी समुद्रतार मुंबईच्या किनाऱ्याला लागली. भुसावळहून नांदुऱ्यावरून नागपूरकडे जाणारा मुख्य लोहमार्ग त्यापूर्वी तीन वर्षे पूर्ण झाला होता. खामगावच्या बाजारातील गाठींचा लिव्हरपूलच्या भावाशी जो संबंध जडला, त्याचे वाहन रूळ आणि तार ही दोन होती. पुढील सुमारे सत्तावन्न वर्षे भारतातून इंग्लंडला तातडीचा संदेश धाडावयाचा, तर तो तारेनेच जात असे.

१९२७ मध्ये या व्यवस्थेला पुण्याजवळच्या खडकी व दौंड या दोन ठिकाणांहून प्रथमच समर्थ पर्याय उभा राहिला. आपल्याकडील दळणवळणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो : भारत–इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली. ही सेवा किती चांगली चालत असे, केव्हा चालत नसे आणि का, हा प्रश्न इतिहासकार भौतिकीच्या प्राध्यापकांकडे सोपवितो आणि भौतिकीचे प्राध्यापक त्याचे उत्तर सूत्रांत देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न दोन्ही विषयांचा आहे. बिनतारी दुव्याची कार्यक्षमता प्रामुख्याने अंतर आणि प्रक्षेपकाची शक्ती यांवर ठरते, ही सर्वसामान्य समजूत खडकी–दौंडच्या इतिहासापुढे टिकत नाही. तेथे निर्णायक ठरल्या त्या वेळ, दिशा आणि जागा या तीन गोष्टी. आणि चौथी, जिचा पाठ्यपुस्तकात समावेश नसतो, ती म्हणजे कंपन्यांचे व सरकारांचे हिशेब.

शक्तीचा मार्ग आणि त्याची कोंडी

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपार संकेत ऐकल्यानंतर जवळजवळ दोन दशके अभियंत्यांचा कल एकाच दिशेने होता. लहरी अधिकाधिक लांब, प्रक्षेपक अधिकाधिक शक्तिशाली आणि मनोरे अधिकाधिक उंच, अशी ती दिशा. साम्राज्यातील प्रदेश बिनतारी केंद्रांच्या साखळीने जोडण्याची योजना १९१० पासून चर्चेत होती. तिच्या कंत्राटावरून १९१२ मध्ये इंग्लंडच्या राजकारणात मार्कोनी प्रकरण गाजले, १९१४ च्या महायुद्धाने ती बाजूला पडली आणि १९२० मध्ये नॉर्मन समितीने सुमारे दोन हजार मैलांच्या टप्प्यांनी केंद्रे उभारण्याची शिफारस केली. टप्प्यांची कल्पना डाकेच्या चौक्यांसारखीच होती. घोडा थकतो, म्हणून चौकी. लहर थकते, म्हणून केंद्र.

या मार्गाची परिसीमा म्हणजे १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालेले रग्बी केंद्र. बारा मनोरे, प्रत्येकी ८२० फूट उंच. तरंगलांबी सुमारे १८,७५० मीटर. शक्ती शेकडो किलोवॅट. मात्र दीर्घलहरींना उष्ण कटिबंधात एक जुनाट व्याधी होती. विजांच्या कडकडाटातून निर्माण होणारी वातावरणीय खरखर ही कमी वारंवारतेकडे अधिक तीव्र असते आणि ती हजारो किलोमीटर प्रवास करते. इंग्लंडमधील ग्राहक केंद्राला न जाणवणारी खरखर भारतातील केंद्राला वळवाच्या पावसाच्या दिवसांत बधिर करू शके. येथे शक्ती वाढवून लाभ मर्यादितच होता. प्रक्षेपक इंग्लंडात दुप्पट केला, तरी दख्खनच्या आकाशातील वीज काही अर्धी होत नाही. दुव्याचे यश संकेत किती मोठा यावर नसून तो पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या किती वर आहे यावर ठरते, ही गोष्ट आज पदवीचा विद्यार्थीही जाणतो. त्या काळी तिची किंमत मनोऱ्यांच्या पोलादात मोजली जात होती.

करारातील बारा तास

मार्कोनी कंपनीतील अभियंता सी. एस. फ्रँकलिन यांच्या साहाय्याने १९२३ मध्ये पोल्डू येथून सुमारे ९७ मीटरच्या लहरींवर चाचण्या झाल्या आणि 'एलेट्रा' या नौकेवर मार्कोनीला केप व्हर्द बेटांपर्यंत संकेत मिळाले. तोपर्यंत असल्या आखूड लहरी हौशी मंडळींसाठी सोडून दिलेल्या होत्या. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश डाक खात्याने मार्कोनी कंपनीशी 'बीम' पद्धतीच्या केंद्रांचा करार केला.

या करारातील कार्यक्षमतेची अट मुळातून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक दिशेने मिनिटाला पाच अक्षरी शंभर शब्द पोहोचले पाहिजेत आणि अचूकतेसाठी कराव्या लागणाऱ्या पुनरुक्ती त्यांत धरावयाच्या नाहीत. हा वेग रोज सरासरी किती तास मिळावा? कॅनडासाठी अठरा, दक्षिण आफ्रिकेसाठी अकरा, भारतासाठी बारा आणि ऑस्ट्रेलियासाठी सात. भारताच्या बारा तासांचा हिशेब केला, तर दिवसाला एका दिशेने बहात्तर हजार शब्द होतात. समुद्रतारेच्या कोणत्याही कंपनीने ग्राहकास 'आमची तार दिवसाचे बारा तास चालेल' असे सांगितले असते, तर तिचे हसे झाले असते. येथे मात्र एक बलाढ्य कंपनी लेखी कबूल करीत होती की, आकाश आपल्याला अर्धा दिवसच उपलब्ध होईल. तंत्रज्ञानाच्या मर्यादेची इतकी प्रामाणिक नोंद कंत्राटी दस्तऐवजांत क्वचितच आढळते.

याहून विशेष म्हणजे या करारावर सह्या झाल्या तेव्हा त्यामागचे विज्ञान सिद्ध व्हावयाचे होते. केनेली व हेविसाइड यांनी १९०२ मध्ये वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्वाहक थर असावा, असा तर्क केला होता. परंतु त्याच्या उंचीचे प्रायोगिक मापन अ‍ॅपलटन यांनी डिसेंबर १९२४ मध्ये, म्हणजे करारानंतर पाच महिन्यांनी केले. दिवसा चालणारी लहरही सह्यांच्या वेळी हाती नव्हती. १९२४ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमधील चाचण्यांत ३२ मीटरची लहर भर उन्हातही दूरवर पोहोचते, हे लक्षात आले. आधी व्यवहार, मग प्रयोग आणि शेवटी उपपत्ती, असा हा उलटा क्रम आहे. विज्ञानातून तंत्रज्ञान जन्मते, हे वर्गात सांगताना या उदाहरणाशी अडखळावे लागते.

वेळ : दोन लहरी आणि एक सूर्य

भारत–इंग्लंड दुव्यासाठी दोन तरंगलांबी वापरात आल्या : सुमारे १६ मीटर आणि सुमारे ३४ मीटर. ढोबळ मानाने पहिली दिवसाची व दुसरी रात्रीची. यामागील कारण असे. सूर्यप्रकाशाने आयनांबर भारित झाले की त्याचा खालचा थर लांब लहरी शोषून घेतो आणि वरचा थर आखूड लहरींनाही वाकवून पृथ्वीकडे परतवू शकतो. म्हणून दिवसा आखूड लहर सरस. रात्री खालचा थर विरतो, वरचा थर विरळ होतो. आखूड लहर त्याला भेदून अवकाशात निघून जाते आणि ३४ मीटरची लहर कामास येते.

पुणे आणि इंग्लंडचा पूर्व किनारा यांच्यात जवळजवळ पाच तासांचा सूर्याचा फरक आहे. खडकीला सूर्य मावळलेला असतो तेव्हा लिंकनशायरमध्ये दुपार असते. वाटेचा अर्धा भाग उजेडात आणि अर्धा अंधारात, अशी स्थिती रोज दोनदा येते. अशा वेळी कोणतीच लहर पुरती मनाजोगी नसते. लहर नेमकी केव्हा बदलावयाची, हा निर्णय ऋतूनुसार बदलत राहतो. बारा तासांच्या सरासरीमागे ही रोजची ओढाताण होती.

दिवसाच्या या चक्रावर अकरा वर्षांचे सौर डागांचे चक्र स्वार असते. हे केंद्र सुरू झाले ते १९२७ मध्ये. सौर डागांचा उच्चांक १९२८ चा. म्हणजे केंद्राची पहिली वर्षे आयनांबर सर्वाधिक भारित असण्याची, १६ मीटरच्या लहरीला अत्यंत अनुकूल अशी वर्षे होती. नीचांक आला १९३३ मध्ये, आणि त्याच वर्षी या दुव्यावर भारत–इंग्लंड रेडिओ दूरध्वनी सुरू झाला. तारेचा कट्ट-कडकट्ट संकेत विरत गेला, तरी तो पुन्हा मागविता येतो. बोलणे विरले, तर संभाषणच तुटते. अधिक नाजूक सेवा सूर्याच्या सर्वांत मंद वर्षी सुरू व्हावी, हा योगायोग होय. परंतु बीम पद्धतीच्या आरंभीच्या घवघवीत यशाचे मूल्यमापन करताना सूर्याचा वाटा वजा करावयास हवा, एवढे निश्चित.

दिशा : नकाशावरील वीस अंश

बीम म्हणजे झोत. सुमारे पावणेतीनशे फूट उंचीच्या मनोऱ्यांच्या रांगेवर उभ्या तारांचा पडदा टांगावयाचा आणि मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा. ऊर्जा चहूकडे न उधळता एका अरुंद पट्ट्यात जाते. म्हणूनच सुमारे वीस किलोवॅटच्या प्रक्षेपकाने शेकडो किलोवॅटचे काम केले. मात्र हा पडदा फिरविता येत नाही. मनोऱ्यांचे पाये खणले त्या दिवशीच दिशा कायमची ठरते.

ही दिशा कोणती? भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पुण्यापासून इंग्लंडपर्यंत पट्टी ठेवली, तर रेषा इराण, इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो पूर्व इराण, बाकूजवळचा कास्पियन समुद्र, अझोव्ह समुद्र, पोलंड असा जातो. गणिताने पुण्याहून पहिली दिशा उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे ५९ अंश येते आणि दुसरी सुमारे ३९ अंश. वीस अंशांची चूक झाली असती, तर झोत इंग्लंडला सोडून गेला असता. भूगोलाच्या तासाला महावृत्ताचे प्रयोजन विचारणाऱ्या विद्यार्थ्यास हे उदाहरण अवश्य द्यावे. या मार्गाचा आणखी एक गुण असा की, सुमारे ७,३०० किलोमीटरची ही वाट उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर राहते. चुंबकीय वादळांचा उपसर्ग त्या पट्ट्यात सर्वाधिक असतो. कॅनडाच्या दुव्याचे अंतर कमी, पण त्याची वाट त्या पट्ट्याच्या निकट होती.

मागचा पडदा आणखी एका कारणाने महत्त्वाचा होता. अनुकूल वेळी लघुलहर पृथ्वीला पूर्ण वळसा घालून पुन्हा त्याच ग्राहकावर येते. चाळीस हजार किलोमीटरच्या या फेरीस सेकंदाचा सुमारे सातवा ते आठवा भाग लागतो. मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगात एका टिंबाची लांबी सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग असते. म्हणजे एक टिंब पाठविल्यावर दहा-अकरा टिंबांच्या अवकाशाने त्याचे भूत येऊन मधल्या कोऱ्या जागेत बसते. संकेत जितका बलवान, तितका प्रतिध्वनीही बलवान! येथेही शक्तीने प्रश्न सुटत नव्हता. दिशेने सुटत होता.

जागा : खडकी आणि दौंड

प्रक्षेपक खडकीला आणि ग्राहक केंद्र दौंडला, सुमारे पंचाहत्तर किलोमीटर दूर, ही रचना नवख्यास विचित्र वाटते. सात हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण संकेत ऐकावयाचा, तर शेजारी किलोवॅटनी बोलणारा प्रक्षेपक नको. इंग्लंडमध्येही याच कारणाने ग्रिम्झबीजवळ प्रक्षेपण आणि स्केग्नेसजवळ ग्रहण अशी विभागणी होती. मुंबईसारख्या ट्रॅम, कारखाने आणि १९२५ पासून विजेवर धावणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या शहरात असले ग्राहक केंद्र बसविणे अयोग्यच ठरले असते. दौंड भीमेच्या काठचे, सपाट, विरळ वस्तीचे आणि मनमाडकडे फाटा फुटणारे लोहमार्गाचे जंक्शन. अवजड सामान रेल्वेने उतरविता येई आणि गोंगाट करणारी वीज जवळपास नव्हती. मुंबई–पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण १९२९–३० पर्यंत पूर्ण झाले. पुणे–दौंड टप्प्यावर विजेच्या गाड्या येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

दोन्ही केंद्रे मुंबईच्या कार्यालयाशी तारमार्गाने जोडलेली होती. बिनतारी म्हणून मिरविणारा संदेश घाट उतरून ग्राहकाच्या हाती पडे तो अखेर तारेवरूनच. संपूर्ण दुव्याची कार्यक्षमता त्याच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकी, हे तत्त्व हिशेबात धरले, तर सह्याद्रीतील पावसाळा हाही इंग्लंडच्या संदेशाचा एक घटक मानावा लागतो.

कंपन्यांचे आकाश

२३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी पंचम जॉर्ज यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले. मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटनही त्याच दिवशीचे; त्याची आठवण दरवर्षी निघते, बीम केंद्राची निघत नाही. व्यापारी सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. ती चालविणाऱ्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीच्या उभारणीत मुंबईचे उद्योजक सुलतान चिनॉय यांचा पुढाकार होता.

बीम सेवा स्वस्त होती, कारण हजारो मैल तार समुद्रतळाशी अंथरावी लागत नव्हती. तिने तारकंपन्यांचे ग्राहक इतक्या झपाट्याने ओढले की, जानेवारी १९२८ मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातील सरकारांची खास परिषद भरली. बारा तास चालणाऱ्या दुव्याने चोवीस तास चालणाऱ्या तारेला जेरीस आणले होते! मात्र परिषदेपुढे आणखी एक मुद्दा होता. बिनतारी संदेश शत्रूही ऐकू शकतो. समुद्रतार तुलनेने गुप्त. युद्धकाळासाठी तारा जगविणे साम्राज्याला आवश्यक वाटले. परिणामी १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये तारकंपन्या व बिनतारी सेवा एका व्यवस्थापनाखाली आल्या आणि १९३२ मध्ये भारतातही इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी अस्तित्वात आली. स्पर्धा संपली. ज्या दुव्याने स्वतःच्या गुणांवर बाजार जिंकला होता, त्याचा वापर पुढे किती व्हावा हे तारेचे हितसंबंध सांभाळणारेच ठरवू लागले. आयनांबराच्या लहरीपणापेक्षा या निर्णयाने दुव्याला अधिक जखडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्यापूर्वी साडेसात महिने, ही सेवा राष्ट्रीयीकृत होऊन परदेश संचार सेवेकडे आली. कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या अभ्यासाची जी परंपरा १९३० च्या दशकात निर्माण केली, तिच्यामुळे आकाश वाचणारे शास्त्रज्ञही तोपर्यंत देशात तयार झाले होते.

आर्वी आणि बुलडाण्याचा घाट

लघुलहरींवरील हे अवलंबन सैल झाले ते १९७१ मध्ये आर्वी येथील उपग्रह भू-केंद्राने. हे आर्वी वर्धा जिल्ह्यातील नव्हे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आहे. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, म्हणजे एकेरी वाटच पुणे–इंग्लंड अंतराच्या पाचपट. तरीही दुवा अधिक भरवशाचा, कारण या वारंवारता आयनांबराला जुमानत नाहीत. अंतर हा निर्णायक घटक नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? आर्वीची जागा डोंगरांच्या कुशीत निवडली गेली. जमिनीवरील सूक्ष्मलहरी दुव्यांचा उपद्रव डोंगरांनी अडवावा, हा हेतू. त्याच परिसरात खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभारली, तीही मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी म्हणून. दौंडला जी शांतता शोधली गेली, तिचाच हा शोध. सूर्य मात्र येथेही सुटला नाही. संपाताच्या सुमारास काही दिवस तो उपग्रहाच्या अगदी मागे येतो आणि काही मिनिटे भू-केंद्राला त्याच्याशिवाय काही ऐकू येत नाही.

सूक्ष्मलहरींना अडविणारा डोंगर आमच्या जिल्ह्यात मनोरा म्हणून उपयोगी पडतो. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, घाटाच्या काठावर. नांदुरा पूर्णेच्या मैदानात पावणेतीनशेच्या आसपास. घाटाच्या कडेवरून, मैदानापेक्षा साडेतीनशे मीटर उंचीवरून रेडिओ क्षितिज सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर येते. नांदुरा तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच आहे. परंतु नजर पोहोचली म्हणजे दुवा जुळला असे नाही. सहा गिगाहर्ट्झच्या दुव्याला वाटेच्या मध्यावर सरळ रेषेभोवती वीस-पंचवीस मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. शिवाय एप्रिल-मेच्या निरभ्र रात्री मैदान तापलेले असूनही लवकर निवते, जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो आणि लहरी वाकड्या वाटेने येऊन परस्परांना मारतात. दिवसा निर्दोष चालणारा दुवा पहाटे का विरतो, याचे उत्तर यंत्रात सापडत नाही.

दिघीची जमीन

परदेश संचार सेवेचे १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाले आणि २००२ मध्ये त्याची मालकी टाटा समूहाकडे गेली. त्या वेळी चार शहरांतील सुमारे ७७३ एकर जमीन 'अतिरिक्त' म्हणून वेगळी काढण्यात आली. ती पुढे हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया या सरकारी कंपनीकडे वर्ग झाली. त्यांपैकी सुमारे ५२४ एकर जमीन पुण्याजवळ, खडकीच्या शेजारच्या टापूत, दिघी येथे आहे. तिची चर्चा वृत्तपत्रांत होते ती स्थावर मालमत्तेच्या दराने. शहराजवळ एवढी मोकळी जमीन एका संचार खात्याकडे का असावी, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. मोकळेपणा हीच लघुलहरी केंद्राची यंत्रसामग्री होती. खडकी व दौंड येथील मनोऱ्यांच्या रांगा नेमक्या कोठे होत्या आणि त्यांचा रोख उत्तरेपासून किती अंशांवर होता, हे जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून व जागेवर जाऊन नोंदविण्याचे काम इतिहास, भूगोल आणि भौतिकी या तीन विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी होकायंत्र, मोजपट्टी आणि उन्हाळी सुट्टीतील दोन आठवडे एवढी सामग्री पुरते.